हाकेचं यंत्र

रत्नागिरीत मी ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिथे एका सकाळी रक्त द्यायला आलेल्या माणसांमध्ये एक बाई नुसतीच बसून होती. सुती कुर्ता, केस वर बांधलेले, मांडीवर पाठीवरची पिशवी. बाजूची माणसं उठून आत जात होती, ही जागची हलत नव्हती. शेवटी मी खिडकीतून विचारलं, "ताई, तुमची कुठली तपासणी?"

"माझी नाही," ती म्हणाली. "मी तुमच्या लॅबचं सॉफ्टवेअर करणार आहे. डॉक्टरांनी सांगितलं नाही का?"

सांगितलं होतं. पण सॉफ्टवेअर करणारी माणसं केबिनमध्ये बसतात, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलतात आणि चहा पिऊन जातात, अशी माझी समजूत होती. ही नेत्राताई आठवडाभर पेशंटांमध्ये बसली. आम्ही सुया कशा लावतो, नावं कशी पुकारतो, कोण रिपोर्ट घेऊन दारातच उलटसुलट करून बघतो, सगळं पाहत होती.

डॉक्टरांना हवं होतं मोबाईलवरचं ॲप. रंगीत आलेख, साखर चढली-उतरली दाखवणारे बाण. नेत्राताई म्हणाली, "ते करू, पण नंतर. काल सुनंदा पाष्टे म्हणून हाक मारलीत तेव्हा दोन बायका उठल्या. दोघी एकाच गावच्या. आधी एकीचं रक्त दुसरीच्या नावावर जाणार नाही एवढं करू या." डॉक्टर थोडे नाराज झाले, मग विचार करून हो म्हणाले. आता आमच्याकडे वाडी आणि नवऱ्याचं किंवा बापाचं नाव विचारल्याशिवाय बाटलीवरची चिठ्ठी छापूनच येत नाही. आलेखांचं कुणी पुन्हा नाव काढलं नाही.

तिचं पूर्ण नाव नेत्रा मांडवकर. लांजा तालुक्यातल्या आतल्या गावची, शेतकऱ्याच्या घरातली. कुठल्या कंपनीत नाही, एकटीच काम करते. मारुती मंदिराजवळ तिची एक खोली आहे, पण ती तिथे क्वचितच सापडते. माझं नाव पूर्वी. मी तिच्याशी बोलायला लागले ते लॅबच्या कामामुळे, आणि नंतर एका दुपारी डबा खाताना तिला बाबांबद्दल सांगितलं.

माझे बाबा, जानू आडिवरेकर, नाटे गावचे. आमच्या वाडीची रापण आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं मोठं जाळं. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते, आणि जाळ्याच्या दोन टोकांचे दोर वाळूवर दोन टोळ्यांच्या हातात असतात. एक टोळी खाडीच्या बाजूला, दुसरी देवळाच्या बाजूला. दोघांनी सारखं ओढलं पाहिजे. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं आणि मासळी दुसऱ्या बाजूने निघून जाते. ओढणाऱ्यांच्या माना खाली असतात, त्यांना पाणी दिसत नाही. पाणी बघायचं काम बाबांचं. दोन्ही टोळ्यांच्या मधे वाळूच्या उंचवट्यावर उभं राहून ते ओरडायचे, आणि त्यांचा आवाज दोन्हीकडे जायचा.

दीड वर्षापूर्वी त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते मानेला पाडलेल्या भोकातून श्वास घेतात. जीव वाचला, पण आवाज गेला. घरी आल्यावर बाबा पडवीत बसून राहायला लागले. लहान मुलांची पुसायची पाटी आणली होती, तिच्यावर दोन शब्द लिहायचे आणि तेही लिहायचा कंटाळा करायचे. रापणीवर सदूकाका ओरडायचे. सदूकाका बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. ते एकदा आमच्या पडवीत येऊन म्हणाले, "जानू, माझ्याकडं घसा हाय, नजर नाय. तू ये बाबा." बाबांनी तोंड फिरवलं.

हे सगळं ऐकून नेत्राताईने डबा बंद केला आणि विचारलं, "मग ते खुणा करतील आणि सदूकाका ओरडतील, असं का नाही केलं?"

"केलं होतं. जमलं नाही. सदूकाकांनी मान वळवून बाबांकडे बघायचं, मग ओरडायचं. तोवर वेळ निघून जाते."

तिने ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाली, "मला काही जमेल असं सांगत नाही. पण येते बघायला."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी एस.टी.ने निघालो. पावस गेल्यावर बस रिकामी झाली आणि आम्हाला खिडकीजवळ बसायला मिळालं. मी विचारलं, की एवढं शिकून एकटीने काम करायचं का ठरवलंस. ती पूर्णगडचा पूल आला तेव्हा बोलायला लागली.

"डिप्लोमा रत्नागिरीला केला, मग डिग्री, मग ऐरोलीला एक कंपनी. फोनवर 'मराठीसाठी दोन दाबा' म्हणणारा आवाज असतो ना, तो आणि त्याच्यामागचं ऐकणारं यंत्र आमची टीम करायची. मी तिथे दहाएक वर्षं होते. चांगलं काम करायचे, खोटं कशाला सांगू. बढत्या मिळाल्या. एकदा तपासणीसाठी रेकॉर्ड झालेले कॉल ऐकत होते. एक म्हातारी होती, आपल्याच बाजूची. 'माजा गॅस नाय आला' म्हणत होती. यंत्र म्हणायचं, 'माफ करा, समजलं नाही.' ती पुन्हा सांगायची, आणखी हळू, आणखी सोपं करून. यंत्राचं तेच. शेवटी काय म्हणाली माहितीय? 'ऱ्हांदे बाळा, तुजीपन कामाची येळ आसंल.' आणि तिने फोन ठेवला."

तोवर पूल मागे पडला होता.

"कॉल माणसाकडे न जाता संपला, म्हणून माझ्याच तक्त्यात तो 'यशस्वी' लिहिला गेला होता," नेत्राताई म्हणाली. "नोकरी लगेच नाही सोडली. आत राहून बदलायचा प्रयत्न केला, थोडं बदललंही. पण मग वाटलं, ज्याच्यासाठी करतोय त्याचं तोंड दिसेल एवढंच लहान काम करावं. म्हणून परत आले. पहिल्या वर्षी कुणी कामच देईना. आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापायचा प्रोग्राम, एका शाळेचं वेळापत्रक, असलं करत राहिले. आता बरं चाललंय."

घरी पोचलो तेव्हा बाबा पडवीतच होते, शेजारी सदूकाका. आईने चहा केला. नेत्राताईने स्वतःची ओळख करून दिली आणि फोनवर एक तयार मिळणारं ॲप उघडलं. म्हणाली, "काका, हे मी केलेलं नाही. बाजारात आहे ते आधी बघू. ह्याने भागत असेल तर मी नवीन करायची गरजच नाही."

चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलायचा. "मला पाणी हवे आहे." "माझी मान दुखत आहे." "कृपया दिवा लावा." आवाज गोड आणि एकसुरी, बातम्या सांगणाऱ्या मुलीसारखा. बाबा हाताची घडी घालून ऐकत होते. चौथ्या-पाचव्या वाक्याला त्यांनी पाटी ओढली आणि खडूने जोरात लिहिलं, 'मी काय खाटंवर हाय?'

मला ओशाळल्यासारखं झालं. नेत्राताईने मात्र फोन पिशवीत टाकला आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मग सांगा, रापणीवर तुम्ही सगळ्यात जास्त काय ओरडायचात?"

बाबांनी सदूकाकांकडे पाहिलं. सदूकाका खाकरले. "ते बायमानसासमोर कसं सांगू?"

आणि बाबा हसले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. ऑपरेशननंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

तिची कल्पना अशी होती, की बाबांचाच जुना आवाज मिळाला तर यंत्राचा उसना आवाज नको. आमच्याकडे जुनं रेकॉर्डिंग असं काही नव्हतं. पण मे महिन्यात मुंबईहून आलेली पोरं रापणीवर येतात आणि व्हिडिओ काढतात. माझा चुलतभाऊ चिराग डोंबिवलीला असतो. त्याने वाडीच्या ग्रुपवर लिहिलं, आणि एका दिवसात ज्याच्या त्याच्या फोनमधून व्हिडिओ यायला लागले. कुणाच्या व्हिडिओत कुत्रं, कुणाच्यात नवी नवरी, कुणाच्यात नुसतं वाळूत नाचणारं पोर. पण मागे कुठेतरी बाबा ओरडत होतेच.

नेत्राताई लागोपाठ तीन-चार शनिवारी आली. आमच्या ओटीवर बसून, कानाला हेडफोन लावून लाटा, वारा, पोरांचा गलका बाजूला काढत राहायची. कधी एका हाकेसाठी अख्खी सकाळ जायची. एकदा मी म्हटलं, "एवढं बारीक कुणाला कळणार आहे?" ती म्हणाली, "ओढणाऱ्यांना कळेल. त्यांनी हा आवाज तीस वर्षं ऐकलाय."

पहिली स्वच्छ हाक तिने आम्हाला ऐकवली तेव्हा दुपार होती. "खाडीवाल्यांनूऽऽ, ढील सोडा!" ओटी दणाणली. आई हात पुसत बाहेर आली, उंबऱ्यात उभी राहिली. "एवढे मोठ्यानं ओरडायचे व्हय हे?" म्हणाली, आणि तिथेच खाली बसली. बाबांची मान खाली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी एक बोट वर केलं. पुन्हा. नेत्राताईने पुन्हा लावली. त्यांनी ती किती वेळा ऐकली कोण जाणे. ती न कंटाळता लावत राहिली.

मग हाका निवडायचं काम निघालं. शिव्या बऱ्याच होत्या. नेत्राताईने सरळ विचारलं, "काका, यातल्या कुठल्या काढू?" बाबांनी पाटीवर लिहिलं, 'एक पन नाय.'

पहिल्या दिवशी आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो तेव्हा वाडीतली निम्मी माणसं नुसती बघायला आली होती. बाबांच्या हातात मोबाईल, त्यावर मोठाली चौकटीची बटणं, आणि उंचवट्यावर काठीला बांधलेला मोठा स्पीकर. फोन आणि स्पीकर यांच्यात वायर नव्हती. होडी फिरून आली, दोर वाळूवर आले. खाडीच्या बाजूला सदूकाका, देवळाच्या बाजूला विमलकाकी पुढे. विमलकाकी म्हणजे सत्तरीला टेकलेली बाई, पण दोर धरला की पोरांना मागे टाकते.

सुरुवातीला सगळे हरखले. बाबांचा आवाज किनाऱ्यावर फिरायला लागला आणि कुणीतरी शिट्टी मारली. पण ओढायला लागल्यावर काहीतरी बिनसलं. बाबांनी 'थांबा' दाबलं आणि देवळाची बाजू एक ओढ जास्तच ओढून गेली. त्यांनी 'ढील सोडा' दाबलं, तर माणसं दोराला भार देऊन बसलेली. त्यातच बोटं ओली झाली आणि फोनची काच दाबलेलं मानेना. बाबा कुर्त्याला बोट पुसतायत, पुन्हा दाबतायत, पाण्याकडे बघतायत. जाळं तिरकं झालेलं मलासुद्धा दिसलं. आणि मग पाण्यावरचा चकाकता पट्टा, बांगड्यांचा चांगला मोठा थवा होता तो, हळूच खाडीच्या अंगाने सरकला आणि बाहेर निघून गेला.

जाळ्यात थोडे पेडव्यांसारखे बारीक मासे आणि शेवाळ आलं. बाबांनी फोन वाळूवर ठेवला आणि घराकडे चालायला लागले.

नेत्राताई पुढे झाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आजची चूक माझी आहे. काकांनी वेळेवर दाबलं होतं, मी बघत होते. माझं यंत्र उशिरा बोललं. कशामुळे ते मला अजून नीट कळलेलं नाही."

एकजण पुटपुटला, "आमची सकाळ गेली."

"गेली," ती म्हणाली. "तुम्ही आज पुन्हा जाळं टाकणार असाल तर मला दोरावर घ्या."

सदूकाकांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि तिला आपल्यामागे जागा करून दिली. पुन्हा होडी गेली. यावेळी यंत्र नव्हतं, सदूकाकाच दोरावरून ओरडत होते. नेत्राताईने चप्पल काढली, कुर्त्याच्या बाह्या वर केल्या आणि दोर धरला. पहिल्यांदा ती दोनदा वाळूत बसली. विमलकाकी पलीकडून ओरडली, "टाच रोव गो बाय, टाच!" मग तिला लय सापडली. पाय रोवायचे, भार द्यायचा, सोडायचं, एक पाऊल मागे. शेवटी जाळं वाळूवर आलं तेव्हा तिचे तळहात सोलवटले होते. आईने हळद-तेल लावलं.

आणि हळद लावून घेता घेता ती एकदम म्हणाली, "अगं पूर्वी, मी किती मूर्ख आहे."

"का गं?"

"तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. सदूकाकांनी मान वळवेपर्यंत वेळ निघून जाते म्हणून. मी लिहून घेतलं आणि तिथेच सोडून दिलं." ती उठून उभी राहिली आणि ओटीवरच दोर धरल्यासारखे हात करून दाखवायला लागली. "हे बघ. भार दिला की माणूस अडकला. तेव्हा देव जरी ओरडला तरी त्याला काही बदलता येत नाही. भार सोडून पाऊल मागे टाकतो, तेवढ्यातच हाक यायला हवी. फोनपासून स्पीकरपर्यंत आवाज वायरशिवाय जाताना थोडा अडतो. चुटकी वाजवायला लागतो तेवढाच. खोलीत बसून ऐकलं तर कळतसुद्धा नाही. पण काकांची हाक त्या फटीत पडायची, आणि माझं यंत्र ती भारावर नेऊन टाकत होतं."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. ते आत आले, तिच्यासमोर बसले आणि मांडीवर हाताने ताल धरला. एक, दोन, आणि तिसऱ्याला बोट वर. इथे, असं. नेत्राताईने मान हलवली. दोघं बराच वेळ तसे ताल धरून बसले होते, एक बोलू न शकणारा आणि एक बोलायचं विसरलेली.

तिने मोबाईल बाजूलाच ठेवला. पुढच्या वेळी आली ती एक छोटा डबा घेऊन, कमरेला पट्ट्याने बांधायचा. त्यावर जाड रबरी बटणं, मोजकीच, ओल्या हाताने दाबली तरी चालतील अशी. न बघता बोटाला कळावं म्हणून एका बटणावर सुतळीची गाठ चिकटवली होती, एकावर शिंपला, एकाला नुसतीच खाच. डब्यातून निघालेली वायर सरळ पाठीवरच्या कर्ण्याला. कांदे-बटाट्याच्या टेम्पोवर असतो ना, तसला कर्णा. हाका आधीच भरून तयार ठेवलेल्या, त्यामुळे बोट टेकलं की आवाज बाहेर. "यात हुशारीचं काही नाही," ती मला म्हणाली. "जेवढं काढून टाकता आलं तेवढं काढून टाकलं." मला तर वाटलं, की हुशारी तीच होती.

त्या सकाळी बाबा कर्णा पाठीला लावून वाळूत उतरले आणि विमलकाकीने लांबूनच विचारलं, "जानूभाऊ, कांदे कसे दिले?"

बाबांनी कमरेवर बोट ठेवलं. "गप ऱ्हा गो रांडे!" किनाऱ्यावर त्यांचाच आवाज घुमला, जसाच्या तसा. विमलकाकी दोर सोडून वाळूत बसली आणि पोट धरून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत होती. "आला," म्हणाली. "आला गो आमचा जानू."

ओढ सुरू झाली. मी बाबांच्या जवळ उभी होते. त्यांची नजर पाण्यावर खिळलेली, बोटं आपोआप बटणं शोधत होती. "खाडी, ओढा!" आणि खाडीची बाजू हलली. "देऊळ, थांबा!" आणि देवळाची बाजू जागच्या जागी थांबली, पाऊल उचललेलं तसंच. मधेच "सद्या, निजलास काय रे!" सदूकाकांनी त्यावर दोराला असा हिसका दिला, की मागची पोरं अडखळली. जाळ्याची पिशवी वाळूला लागली तेव्हा ती बांगड्यांनी फुगली होती, उड्या मारणाऱ्या, निळ्या-हिरव्या पाठींच्या. नेत्राताई आनंदाने ओरडलीबिरडली नाही. ती गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहून दोन्ही टोळ्यांच्या पायांकडे बघत होती, हाक आणि पाऊल जुळतायत का ते.

त्यानंतर गोष्ट संपली असं आम्हाला वाटलं होतं. पण एका संध्याकाळी मासळी साफ करता करता आईने तिला विचारलं, "बाय, त्या डब्यात माजी हाक हाय काय?"

नेत्राताईला कळलं नाही. मी सांगितलं, की बाबा आईला नावाने हाक मारत नाहीत, 'अगो' म्हणतात. ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. नवरा घरात बायकोला हाक मारतो ते कोण रेकॉर्ड करून ठेवणार?

"काकी," ती म्हणाली, "काकांच्या बाकीच्या बोलण्यावरून ती हाक बनवता येईल. हुबेहूब वाटेल. पण ती त्यांनी मारलेली नसेल, मी बनवलेली असेल. काकांना विचारल्याशिवाय मी ते करणार नाही."

बाबा तिथेच होते. त्यांनी पाटी घेतली, खडू हातात धरून बसले, मग लिहिलं, 'नको.' आईचा चेहरा उतरला. ती खाली बघून बांगडा चिरायला लागली. बाबांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, 'मी शिकतो.'

रत्नागिरीच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, की अन्ननलिकेत हवा गिळून ती परत वर आणत बोलायला शिकता येतं. बाबांनी एकदा करून पाहिलं होतं. ढेकर दिल्यासारखा आवाज आला, म्हणून लाजून सोडून दिलं. आता त्यांनी स्वतःच जायचं ठरवलं. नेत्राताई त्या बाईंना भेटली, त्या काय शिकवतात ते बघून आली, आणि सरावासाठी बाबांच्या फोनवर एक अगदी साधी गोष्ट करून दिली. आवाज निघाला की पडद्यावर एक रेघ वर उठायची, तुटला की खाली पडायची. बाकी काही नाही. बाबा सकाळी पडवीत बसून ती रेघ उठवत राहायचे. कधी कधी वैतागून फोन उशीखाली खुपसायचे. काही महिने गेले.

मी सुट्टीला घरी होते त्या दिवशी आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. पडवीतून खरखरीत, मोडका, पण स्पष्ट आवाज आला. "अगो."

"काय आता?" आई नेहमीच्या त्रासिक सुरात म्हणाली. आणि पिठाचा हात तसाच परातीत ठेवून थांबली. मी तिच्याकडे बघत होते. ती उठली, पदर सावरला आणि पडवीत गेली. मी तिच्यामागे गेले नाही.

आता बाबा घरात थोडंफार बोलतात. अनोळखी माणसाला कळत नाही, आम्हाला कळतं. डबा फक्त रापणीच्या दिवशी कमरेला लागतो. जवळच्या माणसाला काही सांगायचं असेल तर तिथेही ते स्वतःच बोलायला बघतात. हे नेत्राताईला सांगताना मला जरा अवघड वाटत होतं, कारण एवढी खपून केलेली वस्तू, आणि ती आता कमी वापरली जाते. पण ती फोनवर इतकी खूश झाली, की बाजूला कुणीतरी तिला काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. डब्याची रचना तिने त्या वाचा-उपचारवाल्या बाईंकडे देऊन ठेवली आहे. कुणालाही वापरता येईल, तिला विचारायचंही कारण नाही.

त्या बाईंनीच तिला केळशीच्या एका माणसाचं नाव दिलं. रामा म्हणून एक बागायतदार आहेत, त्यांचंही बाबांसारखंच ऑपरेशन झालंय. मी म्हटलं, "मग डबा तयारच आहे की."

"नाही गं," ती म्हणाली. "मी काल त्यांना भेटले. त्यांना ओरडायचं नाहीच आहे. नात त्यांच्या कुशीत झोपते, तिच्या कानाशी त्यांना काहीतरी पुटपुटायचं असतं. एवढा हळू आवाज कसा करायचा, मला अजिबात माहीत नाही अजून."

फोनवर पलीकडून समुद्राचा आवाज येत होता. ती केळशीतच कुठेतरी उभी असावी. मी परत कधी येणार विचारलं, तर म्हणाली, अजून काही दिवस तिथेच राहणार आहे, रामाकाकांच्या नातीशी आता कुठे ओळख होतेय.